हॅकिंटॉश सुरू होत नाही, तेव्हा तो नेमका कुठे अडला?

घरी जुळवलेल्या संगणकावर मॅकओएस चालवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ती सकाळ केव्हा ना केव्हा येतेच. बटण दाबले जाते, पंखे फिरू लागतात, काळ्या स्क्रीनवर पांढरे सफरचंद उमटते, त्याखालची बारीक पट्टी अर्ध्यापर्यंत सरकते आणि तिथेच थांबते. अशा वेळी बहुतेक जण कुणीतरी कुठेतरी सुचवलेल्या सेटिंग एकामागून एक बदलून पाहू लागतात आणि तासाभराने मूळ दोष कोणता व आपण नव्याने घातलेला घोळ कोणता, हेच कळेनासे होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होते. वास्तविक संगणक सुरू होणे हे चार-पाच जणांनी हातोहात पुढे नेलेले काम आहे, आणि ते कुणाच्या हातात अडकले हे एकदा समजले की तपासायच्या गोष्टी दोन-तीनच उरतात.

या खटाटोपाचे मूळ २००६ सालात आहे. ॲपलने त्या वर्षी आपल्या संगणकांमध्ये इंटेलचे प्रोसेसर बसवायला सुरुवात केली आणि मॅक व साधा पीसी यांच्या अंतरंगातला फरक फार थोडा उरला. तो उरलेला फरक सॉफ्टवेअरने भरून काढला की साध्या पीसीवरही मॅकओएस चालते, आणि अशा यंत्राला हॅकिंटॉश म्हणतात. एक बाब आरंभीच सांगितलेली बरी. मॅकओएसच्या परवान्यानुसार ही प्रणाली ॲपलच्याच संगणकावर वापरता येते. असे संगणक जुळवून विकणाऱ्या सायस्टार या अमेरिकी कंपनीवर ॲपलने २००८ मध्ये दावा लावला आणि २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. घरात स्वतःपुरता प्रयोग करणाऱ्यानेही, आपल्याला कंपनीकडून कोणतीही मदत मिळणार नाही हे गृहीत धरूनच हात घालावा.

आता ती हातोहात साखळी पाहू. वीज मिळताच सर्वप्रथम मदरबोर्डवरचे फर्मवेअर जागे होते, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो. ते डिस्कवरच्या ईएफआय नावाच्या लहानशा विभागातून ओपनकोर हा बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम, उचलते. ओपनकोर आपली कॉन्फिग डॉट प्लिस्ट ही फाइल वाचतो, त्यातल्या सूचनांप्रमाणे साध्या पीसीवर मॅकचा मुखवटा चढवतो आणि ॲपलच्या स्वतःच्या बूट डॉट ईएफआय या प्रोग्रामकडे सूत्रे देतो. तो प्रोग्राम कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मेमरीत उतरवतो. जाताजाता ओपनकोर त्यात आपल्याकडची केक्स्ट मिसळून देतो. केक्स्ट म्हणजे कर्नलला जोडलेले पूरक तुकडे: व्हर्च्युअलएसएमसी हे मॅकमधल्या एका खास चिपचे सोंग घेते, व्हॉटेव्हरग्रीन ग्राफिक्सचे पाहते, ॲपलएएलसी आवाजाचे. कर्नल मग यंत्रातले एकेक उपकरण ओळखतो, डिस्क शोधतो, ग्राफिक्स कार्ड चालू करतो आणि शेवटी लॉगिनची स्क्रीन येते.

सफरचंदाच्या त्या गोंडस चित्रामागे हे सगळे झाकलेले असते, म्हणून पहिले काम म्हणजे ते चित्र बाजूला सारणे. कॉन्फिग फाइलमध्ये बूट-आर्ग्ज नावाची एक ओळ असते. तिच्यात हायफनला जोडून व्ही हे अक्षर, त्यापुढे कीपसिम्स=१ आणि डीबग=०एक्स१०० असे शब्द जोडावेत; फाइलमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायचे असतात. पहिल्या शब्दाने सफरचंदाऐवजी मजकुराच्या ओळी दिसू लागतात, दुसऱ्याने कर्नल कोसळल्यास आकड्यांबरोबर वाचता येतील अशी नावे उमटतात, आणि तिसऱ्यामुळे कोसळल्यावर संगणक आपोआप पुन्हा सुरू न होता तो मजकूर स्क्रीनवर तसाच राहतो. ओळी इतक्या वेगाने सरकतात की डोळ्यांनी वाचणे अशक्य असते, त्यामुळे मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून चित्रीकरण करावे आणि नंतर एकेक चौकट थांबवून वाचावी. मी स्वतः आजही असेच करतो.

हे वाचताना नवख्याची एक ठरलेली चूक होते. स्क्रीनवर थिजलेली शेवटची ओळ म्हणजेच दोष, असे त्याला वाटते. पुष्कळदा ती ओळ म्हणजे नीट पार पडलेले शेवटचे काम असते आणि अडथळा त्याच्या पुढच्या, अजून न छापल्या गेलेल्या पायरीवर असतो. डीएसएमओएस हॅज अराइव्ह्ड अशी एक ओळ मध्येच दिसते आणि तिच्याआसपास यंत्र अडले की लोक तिच्याच मागे लागतात. हे डीएसएमओएस म्हणजे ॲपलने मॅकओएसमध्ये ठेवलेले एक केक्स्ट, ज्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘मॅक ओएस एक्स चोरू नका’ असा आहे. ते आले, म्हणजे व्हर्च्युअलएसएमसीचे सोंग वठले आणि पहारेकऱ्याने आपल्याला आत सोडले. घाबरण्याजोगे त्यात काही नाही.

कर्नल खरोखरच कोसळला, तर मात्र मजकुरात पॅनिक हा शब्द येतो आणि त्याखाली बॅकट्रेसमधल्या, म्हणजे कोसळण्याआधीच्या पावलांच्या नोंदीतल्या, कर्नल एक्स्टेन्शनची (केक्स्टची) यादी असते. त्या यादीत ज्याचे नाव आहे, तपास तिथूनच सुरू करावा. सोळा आकडी पत्त्यांच्या बाकीच्या भिंतीकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

साखळीची पहिली कडी बायोसची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. गेल्या पावसाळ्यात माझा तीन वर्षे बिनतक्रार चाललेला संगणक एका सकाळी अडला. मी काहीही बदललेले नव्हते, निदान मला तसे वाटत होते, म्हणून दोन रात्री कॉन्फिग फाइलच चाळत बसलो. तिसऱ्या दिवशी सहज बायोस उघडला, तर तिथले घड्याळ काही वर्षे मागे गेलेले. मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा सीआर२०३२ सेल संपला होता, रात्री वीज गेली तेव्हा बायोस आपल्या सगळ्या सेटिंग विसरला होता आणि कारखान्यातून निघाला त्या अवस्थेत परतला होता. साप सोडून भुई धोपटणे म्हणतात ते हेच. बायोसची नवी आवृत्ती चढवल्यावरही नेमके असेच घडते, फक्त तेव्हा निदान आपण काहीतरी केले आहे याची आठवण असते.

म्हणून सुरळीत चालणाऱ्या यंत्राच्या बायोसची पाने मोबाइलवर टिपून ठेवावीत. सर्वसाधारणपणे सिक्युअर बूट, फास्ट बूट आणि सीएसएम ही तीन बंद हवीत. सीएसएम ही जुन्या पद्धतीच्या बूटसाठी ठेवलेली सोय असून तिच्यामुळे ग्राफिक्स कार्ड भलत्याच पद्धतीने सुरू होते. साटा डिस्कची पद्धत रेडऐवजी एएचसीआय हवी, अबव्ह फोरजी डीकोडिंग आणि एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू हवे. घड्याळाची तारीख चुकीची असेल तर मॅकओएसचा इन्स्टॉलर स्वतःच खराब असल्याचा दावा करतो, कारण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेशी ताडली जाते.

सीएफजी लॉक या सेटिंगबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे. प्रोसेसरची वीज-वापराची व्यवस्था ज्या एका रजिस्टरवर अवलंबून असते, तिथे मॅकओएसला स्वतः लिहायचे असते. अस्सल मॅकवर ते खुले असते, पण पुष्कळ मदरबोर्ड सुरू होतानाच त्याला कुलूप घालतात. मॅकओएस तिथे लिहायला जातो, प्रोसेसर नकार देतो आणि कर्नल तत्क्षणी कोसळतो. बायोसमध्ये हे कुलूप काढण्याची सोय असेल तर तोच उत्तम उपाय. नसेल तर ओपनकोरमधला ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक हा क्वर्क, म्हणजे तडजोडीचे कलम, कर्नलला ते लिखाण करण्यापासूनच परावृत्त करतो.

बायोसची कडी ओलांडली की ओपनकोरची निवड-यादी दिसते. इथे इन्स्टॉलरचा पेनड्राइव्हच यादीत नसेल, तर बहुधा एचएफएसप्लस हा ड्रायव्हर फोल्डरमध्ये नाही किंवा फोल्डरमध्ये असून कॉन्फिग फाइलमध्ये त्याची नोंद नाही. पेनड्राइव्ह ॲपलच्या जुन्या फाइल-पद्धतीने बनवलेला असतो आणि या ड्रायव्हरवाचून ओपनकोरला तो वाचताच येत नाही. बिग सर या आवृत्तीच्या आधीची मॅकओएस असलेली डिस्क दिसत नसेल, तर कारण वेगळे आहे: ओपनकोर सुरक्षेसाठी एपीएफएस या ॲपलच्या नव्या फाइल-पद्धतीचे जुने ड्रायव्हर मुळातच नाकारतो, आणि मिनडेट व मिनव्हर्जन या दोन किमती उणे एक केल्या की ती डिस्क दिसू लागते. केक्स्टचा क्रमही पाहावा. लिलू हे केक्स्ट बाकी अनेकांचा पाया आहे, त्यामुळे यादीत व्हॉटेव्हरग्रीन आधी आणि लिलू नंतर असेल, तर ओपनकोर तिथेच हात टेकतो. या जातीच्या चुका डोळ्यांनी शोधण्यात अर्थ नाही. ओपनकोरबरोबर ओसीव्हॅलिडेट नावाचा छोटा प्रोग्राम येतो, तो कॉन्फिग फाइल तपासून नेमकी चूक सांगतो; मात्र त्याची आणि ओपनकोरची आवृत्ती एकच असायला हवी, नाहीतर तो नसलेल्या चुका दाखवतो.

यापुढचा टप्पा सर्वांत कुप्रसिद्ध आहे. स्क्रीनवर एक्झिटबीएस स्टार्ट या शब्दांनी संपणारी ओळ येते आणि सगळे गोठते. या क्षणी बूट डॉट ईएफआय फर्मवेअरला सांगत असतो की तुमची सेवा संपली, आता मेमरीचा ताबा आमच्याकडे द्या. जुना भाडेकरू घर सोडताना कोणती खोली रिकामी आणि कोणत्या खोलीत अजून त्याचे सामान आहे, याचा नकाशा देतो, तसा मेमरीचा नकाशा फर्मवेअर देते. पीसीच्या फर्मवेअरचा हा नकाशा ॲपलच्या अपेक्षेप्रमाणे क्वचितच असतो. कर्नलला जी जागा मोकळी वाटते तिथे फर्मवेअरचा एखादा तुकडा शिल्लक असतो, किंवा सलग लागणारी जागा तुकड्यातुकड्यांत मिळते. कॉन्फिग फाइलच्या बूटर विभागातले क्वर्क याच नकाशाची डागडुजी करतात, आणि कोणता चालू व कोणता बंद ठेवायचा हे प्रोसेसरच्या आणि बोर्डाच्या पिढीवर ठरते. आठव्या-नवव्या पिढीच्या इंटेल बोर्डांना साधारणपणे रीबिल्डॲपलमेमरीमॅप, सिंकरनटाइमपरमिशन्स आणि डीव्हर्च्युअलाइजएमएमआयओ चालू व एनेबलराइटअनप्रोटेक्टर बंद असे लागते, तर सहाव्या-सातव्या पिढीला एनेबलराइटअनप्रोटेक्टर चालू लागतो. दुसऱ्याची कॉन्फिग फाइल जशीच्या तशी उचलू नये, असे जे सांगितले जाते त्याचे सर्वांत ठोस कारण हेच. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांची त्यात आणखी एक भर असते. एएमडीसाठीच्या कर्नल पॅचमध्ये प्रोसेसरच्या गाभ्यांची (कोअरची) संख्या हाताने लिहावी लागते आणि तीही षोडशमान पद्धतीत, म्हणजे बारा गाभ्यांसाठी ०सी आणि सोळासाठी १०. सहा गाभ्यांचा प्रोसेसर काढून आठांचा बसवला आणि हा आकडा तसाच राहिला, तर यंत्र अडते आणि मालक नव्या प्रोसेसरला दोष देत बसतो.

अबव्ह फोरजी डीकोडिंगचा संबंध पुढच्या पायरीशी आहे. कर्नल ग्राफिक्स कार्डासारख्या पीसीआय उपकरणांना पत्ते वाटू लागला की पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन अशी ओळ येते. तिथे अडल्यास हीच सेटिंग बंद असण्याचा संभव मोठा. बायोसमध्ये ती सोयच नसेल, तरच बूट-आर्ग्जमध्ये एनपीसीआय=०एक्स२००० लिहावे; दोन्ही एकत्र ठेवू नयेत. २०२० नंतरच्या काही बायोसमध्ये ही सेटिंग चालू केल्यावर रीसायझेबल बार नावाची दुसरी सोय उपलब्ध होते. ती चालू ठेवायची असेल तर ओपनकोरमधल्या रीसाइजॲपलजीपीयूबार्स या क्वर्कची किंमत शून्य ठेवावी लागते.

घड्याळाचाही एक गुंता आहे. इंटेलच्या तीनशे मालिकेच्या चिपसेटपासून पुष्कळ बोर्डांवर आरटीसी या जुन्या घड्याळाची जागा एडब्ल्यूएसी या नव्याने घेतली, आणि मॅकओएसला हे नवे घड्याळ ओळखताच येत नाही. वेळ सांगणारे उपकरण मिळत नाही म्हणून प्रणाली एपीएफएस मॉड्यूल स्टार्ट या ओळीच्या आसपास खोळंबून राहते, आणि एपीएफएस हे डिस्कच्या पद्धतीचे नाव असल्यामुळे माणूस बिचारी एसएसडी बदलायला निघतो. एसएसडीटी-एडब्ल्यूएसी हे छोटे कोष्टक ओपनकोरमध्ये जोडले की जुने घड्याळ पुन्हा दिसू लागते. नावात एसएसडी असले तरी एसएसडीटीचा डिस्कशी काहीही संबंध नाही, हेही लगे हात सांगून टाकतो. मदरबोर्डवर कोणकोणती उपकरणे आहेत याचे जे कोष्टक फर्मवेअर प्रणालीला देते, त्याला जोडलेली ती पुरवणी असते.

स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस ही ओळ आणि तिच्या सोबतीने कधी कधी उमटणारे आडव्या रेघेचे निषेध-चिन्ह यांचा अर्थ सरळ आहे: कर्नल जिवंत आहे, पण ज्या डिस्कवरून त्याला पुढे जायचे ती त्याला सापडत नाही. नुकताच बूटलोडरने वाचलेला पेनड्राइव्ह कर्नलला कसा सापडत नाही, असा प्रश्न इथे पडतो. उत्तर असे की बूटलोडर असेपर्यंत यूएसबी फर्मवेअर सांभाळते आणि नंतर मॅकओएस ती स्वतःच्या हाती घेतो. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरमागे पंधराच पोर्ट मानतो. कॅबिनेटच्या मागे निळ्या रंगाची सहा सॉकेट दिसली तर आपण सहा मोजतो, पण प्रत्येक निळ्या सॉकेटात यूएसबी २ आणि यूएसबी ३ असे दोन पोर्ट दडलेले असतात, म्हणजे ते बारा झाले. पुढच्या बाजूची दोन धरली की सोळा. त्यात ब्लूटूथ आणि बोर्डावरची आतली जोडणी मिळवली की मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते, आणि नेमका आपला पेनड्राइव्ह ज्या सॉकेटात आहे तो पोर्ट पंधरांच्या बाहेर राहू शकतो. पूर्वी एक्सएचसीआयपोर्टलिमिट हा क्वर्क ही मर्यादा उठवत असे, परंतु २०२१ मधल्या बिग सर ११.३ पासून तो निकामी झाला. तात्पुरता उपाय म्हणून पेनड्राइव्ह काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या सॉकेटात लावून पाहावा. कायमचा उपाय म्हणजे आपल्याला लागणारे पंधरा पोर्ट निवडून त्यांचा नकाशा असलेले केक्स्ट तयार करणे. ते काम कंटाळवाणे आहे, प्रत्येक सॉकेटात आधी यूएसबी २ आणि मग यूएसबी ३ चे उपकरण घालून कागदावर नोंद करावी लागते, पण एकदाच करायचे असते.

दोष डिस्कचाही असू शकतो. सॅमसंगच्या पीएम९८१ व पीएम९९१ आणि मायक्रॉनच्या २२००एस या एनव्हीएमई डिस्क विंडोजवर उत्तम चालतात, पण मॅकओएसशी त्यांचे जमत नाही आणि कर्नल कोसळतो. तयार ब्रँडेड पीसी विकत घेऊन त्याचा हॅकिंटॉश करणाऱ्याने आतली डिस्क कोणती, हे झाकण उघडून आधी वाचावे.

शेवटची कडी ग्राफिक्सची. आयओकन्सोलयूझर्स या शब्दाने सुरू होणारी ओळ आली आणि नंतर स्क्रीन काळी पडली, तर बाकी सगळे जमून आले आहे आणि फक्त चित्र उमटत नाही. इथे एक सोपी चाचणी करता येते: कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबावे. दिवा पेटला आणि विझला, तर काळ्या स्क्रीनमागे प्रणाली चालू आहे. त्यानंतर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना, मदरबोर्डच्या पोर्टला नाही ना, हे पाहावे. हसू येईल, पण ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. एएमडीच्या आरएक्स ५००० आणि ६००० मालिकेच्या कार्डांसाठी बूट-आर्ग्जमध्ये एजीडीपीमॉड=पिकेरा लागते आणि त्याविना असाच काळोख होतो. आरएक्स ५८० सारख्या जुन्या कार्डांना त्याची गरज नाही. एनव्हिडियाच्या बाबतीत कोणताही शब्द लिहून उपयोग नाही. मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांचे ड्रायव्हर हाय सिएरा या मॅकओएस आवृत्तीपाशी थांबले, त्यापुढच्या ट्युरिंगला ते कधीच मिळाले नाहीत, आणि त्यांच्याआधीची केप्लर कार्डेही माँटेरेपासून वगळली गेली. एनव्हिडियाचे महागडे कार्ड घेऊन ‘सेटिंग सांगा’ म्हणणाऱ्याला मी कार्ड बदला इतकेच सांगतो. इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेरीस एफ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. अशा यंत्रावर मॅकचा मुखवटा चढवताना आयमॅकची ओळख न देता आयमॅक प्रो १,१ किंवा मॅक प्रो ७,१ ची ओळख द्यावी, कारण आयमॅकची ओळख दिली की मॅकओएस ते अंगभूत ग्राफिक्स असल्याचे धरून चालतो.

कॉन्फिग फाइलमध्ये बदल केला तरी यंत्राचे वागणे तसूभरही बदलत नाही, असा अनुभव आला तर एनव्हीरॅम साफ करावे. मदरबोर्डवरच्या या लहान स्मृतीत आधीच्या वेळचे बूट-आर्ग्ज पडून असतात आणि फाइलमध्ये त्यांच्या पुसण्याची नोंद नसेल तर जुनेच शब्द चालू राहतात. ओपनकोरच्या यादीत स्पेस बार दाबला की लपलेले पर्याय दिसतात आणि त्यासाठीचा ड्रायव्हर जोडलेला असेल तर रीसेट एनव्हीरॅम त्यातच सापडते.

आणि हे सगळे प्रयोग आतल्या डिस्कवरच्या ईएफआय विभागात करू नयेत. चालू अवस्थेतला ईएफआय फोल्डर एका जुन्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा, दुसरा पेनड्राइव्ह प्रयोगासाठी घ्यावा, प्रत्येक खेपेला एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. मॅकओएसची नवी आवृत्ती चढवण्याआधी ओपनकोर आणि केक्स्ट नव्या करून त्या प्रयोगाच्या पेनड्राइव्हवरून जुनीच मॅकओएस सुरू होते का ते पाहावे, आणि ती सुरू झाली तरच पुढे जावे. ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती आहे, त्यामुळे ही कसरत आता फार वेळा करावी लागणार नाही. माझ्याकडचा तो पहिला पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या आत पॉवर सप्लायच्या केबलला दोऱ्याने बांधलेला असतो, आणि त्याच्या शेजारी हल्ली एक नवा सीआर२०३२ सेलही असतो.